केळ्यावरच्या चिलटाला पोट भरल्याचं कळतं कसं?

मीनल, डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या लेकीचा, ओवीचा आहे. नववीत आहे ती. मी कॉमर्सवाली, मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

आमच्या ओट्यावर केळी पिकायला लागली की चिलटं जमतात. सुट्टीत ओवीने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत केळ्याची साल टाकली, तोंडावर कागदाचं नरसाळं बसवलं आणि सकाळपर्यंत चाळीसेक चिलटं धरली. निम्मी एका बाटलीत केळ्याच्या फोडीसोबत ठेवली, निम्मी दुसऱ्या कोरड्या बाटलीत, उपाशी. दुपारी दोन्हीकडे झाकणभर साखरेचं पाणी ठेवलं, त्यात केकचा लाल रंग घातलेला. अर्ध्या तासाने बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, चिलटं गुंगल्यावर पांढऱ्या कागदावर ओतली आणि भिंगातून पाहिली. उपाशी बाटलीतल्या जवळजवळ सगळ्यांची पोटं डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! जेवलेल्या बाटलीत फक्त तीन.

ओवी म्हणाली, "आई, पाणी दोघांच्याही समोर होतं. मग जेवलेल्यांना 'आता नको' हे कोणी सांगितलं? पोटाने की डोक्याने?"

माझाही एक प्रश्न जोडते. संकष्टीला संध्याकाळी शेजारच्या घरातली लसणाची फोडणी मला लिफ्टच्या दारात कळते. एरवी दाराशी उभी राहिले तरी कळत नाही. चिलटाचंही असंच होत असेल का?


बागवाला, देवगड

ताई, आमच्याकडे या माशीने हापूसचं फार नुकसान होतं. आंब्यात अंडी घालते, आतून अळ्या निघतात, फळ बाहेरून चांगलं दिसतं आणि कापलं की सडकं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा, पटापट अडकतात.


वसुधा, सातारा

मीनलताई, ओवीला माझ्याकडून शाबासकी द्या. हे मी मनापासून म्हणतेय. मी सहा वर्षं याच चिलटांच्या भुकेवर काम केलं, आता अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. केकचा रंग घालून पोट बघायची युक्ती प्रयोगशाळांमध्येही वापरतात. तिने ती स्वतः शोधली असेल तर तिच्यात संशोधकाचा डोळा आहे.

बागवालेकाका, तुमची फळमाशी वेगळी. ती गांधीलमाशीसारखी दिसते आणि चांगल्या, धडधाकट फळाला भोक पाडून अंडी घालते. मीनलताईंच्या ओट्यावरचं चिलट तीन मिलीमीटरचं, लाल डोळ्यांचं, फळ आंबायला लागल्यावर येणारं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. तुमच्या सापळ्यात आमिष म्हणून ठेवलेलं मिथाइल युजेनॉल हे वासाचं रसायन नर खातात ते भुकेपोटी नव्हे. ते खाऊन मादीला भुलवणारा वास ते अंगात तयार करतात, म्हणून सापळ्यात नरच अडकतात.

आता ओवीकडे वळते. आधी प्रयोगातला एक कच्चा दुवा पक्का करायला हवा. कोरड्या बाटलीतली चिलटं उपाशी होती तशी तहानलेलीही होती. मग पोट लाल झालं ते भुकेने की तहानेने? त्या प्रयोगातून सांगता येत नाही. माझ्या पहिल्या वर्षी याच चुकीपायी तीन महिन्यांच्या नोंदी बाद झाल्या, आणि त्या रात्री मी खरंच रडले होते, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतेय. उपाशी ठेवताना बाटलीत ओला कापूस ठेवा, म्हणजे पाणी मिळेल, अन्न मिळणार नाही. ओल्या कापसावर चिलट रात्र सहज काढतं. त्यापुढे ताणू नका, मरायला लागतात.

आम्ही भूक कशी मोजायचो ते सांगते, कारण ते एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. काचपट्टीवर नेलपॉलिशची रेघ ओढायची. ती चिकटसर झाली की गुंगलेल्या चिलटाची पाठ अलगद तिच्यावर टेकवायची, पाय वर. ओलसर डब्यात तास-दोन तास ठेवलं की ते शुद्धीवर येतं आणि हवेत सायकल मारल्यासारखे पाय हलवायला लागतं. मग दातकोरणीचं टोक पाण्यात बुडवून पुढच्या पायाला लावायचं. तहान असेल तर डोक्याखाली घडी घालून ठेवलेली सोंड खटकन बाहेर येते. पाण्याला सोंड येईनाशी होईपर्यंत पाजत राहायचं. त्यानंतर साखरेच्या पाण्याचं टोक लावायचं. आता जी सोंड बाहेर येईल ती भुकेची.

पायाला लावून सोंड कशी येते, असं ओवी विचारेलच. चिलटाला पायानेही चव कळते. पायांवर, सोंडेच्या टोकाला, पंखांच्या कडेवरही चवीचे बारीक केस असतात आणि त्यांच्या मुळाशी गोडाची पेशी निराळी, कडूची निराळी, पाण्याची निराळी. या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये आपली मुंबई आहे, हे मला दर वर्षी वर्गात सांगावंसं वाटतं. १९७० च्या दशकात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि त्यांची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास किंवा चव नीट न कळणारी चिलटं हुडकून काढली आणि तो दोष कुठल्या जनुकातून येतो याचा माग काढला. गोडाचा, कडूचा पत्ता जनुकांमधून लावता येतो हे तेव्हा जगात फार थोड्या लोकांना सुचलं होतं. रॉड्रिग्ज केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकलेल्या, आणि पुढचं बहुतेक काम त्यांनी भारतात केलं. २०१० मध्ये गेल्या. त्यांचे लेख वाचूनच मी या वाटेला लागले.

पोट की डोकं, याचं जुनं आणि फार सुंदर उत्तर १९५८ मधलं आहे. अमेरिकेत व्हिन्सेंट डेथियर आणि डिट्रिख बोडेनस्टाइन यांनी मांसावर घोंघावणाऱ्या मोठ्या माशीची एक बारीक नस कापली. ही नस अन्ननलिकेकडच्या भागातून मेंदूकडे जाते. नस कापलेली माशी साखरपाणी प्यायला बसली ती थांबेचना. पोट ताणून ताणून पारदर्शक फुगा झाला तरी सोंड बाहेरच. पायांना गोड लागतंय, ते 'पी, पी' म्हणताहेत, आणि 'पुरे' हा निरोप नेणारी वाटच तुटलेली. म्हणजे ओवीला असं सांगा की पुरे म्हणतं पोट, पण ते ऐकतं डोकं, आणि मधली तार शाबूत असावी लागते.

ही तार ताण कशी ओळखते तेही अलीकडे कळलं. चिलटाच्या पोटाआधी एक पिशवी असते, प्यालेलं साखरपाणी आधी तिथे साठतं. ती फुगली की तिथे पोचलेल्या नसांमधलं पिएझो नावाचं प्रथिन ताण जाणतं. पिएझो बिघडलेली चिलटं जास्त पितात आणि त्यांची पिशवी टम्म फुगलेली सापडते. हे प्रथिन आपल्यातही आहे, आपल्याला स्पर्श कळतो तो त्यामुळे. त्याच्या शोधाला २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता तुमची संकष्टी. हो ताई, चिलटाचंही तसंच होतं, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या जिंग वांग यांच्या गटाने दाखवलं की उपाशी चिलट व्हिनेगरच्या वासाकडे जास्त जोमाने धावतं. अंगातलं इन्सुलिन उतरलं की वास घेणाऱ्या पेशीच आपली संवेदना वाढवतात. मेंदूत शिरतानाच, पहिल्याच पायरीवर, वास मोठा केला जातो. जेवलेल्या चिलटापुढेही तेच व्हिनेगर असतं, फक्त त्याला ते तितकंसं जाणवत नाही. माणसाच्या नाकात नेमकं हेच घडतं असं मी म्हणणार नाही. पण तुमची लसणाची फोडणी वाचली आणि मला माझी उपाशी चिलटं आठवली.

जिभेचंही तेच. थोडी भूक लागली की डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या जोरावर गोडाची धार वाढते, जेवलेलं चिलट ज्या फिक्या साखरपाण्याकडे ढुंकून बघत नाही त्याला उपाशी चिलट सोंड काढतं. भूक आणखी वाढली की दुसरीच यंत्रणा जागी होते आणि कडूची धार बोथट करते. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की या दोन वाटा वेगवेगळ्या आहेत आणि भुकेच्या वेगवेगळ्या पातळीला उघडतात. आधी गोड जास्त गोड होतं. त्यानंतर, अगदी जिवावर आलं की, कडू कमी कडू होतं. माझी आजी म्हणायची, भुकेला कोंडा, निजेला धोंडा. मी ते लहानपणी मनाच्या निग्रहाबद्दल समजत होते. सहा वर्षं काचपट्टीवर वाकून बसल्यावर मला वाटायला लागलं की कोंडा खरोखरच गोड लागत असणार. भूक पोटात असते असं आपण म्हणतो, पण ती नाकात येते, पायाच्या केसांत येते, आणि ताटातल्या पदार्थाची चवच बदलते.

ओवीने ओला कापूस घालून प्रयोग पुन्हा करावा. आकडे इथे लिहा, मी वाट बघतेय.


अण्णा, सोलापूर

वसुधाताई, फार आवडलं. मी ६९ वर्षांचा, मधुमेहाला बारा वर्षं झाली. तुम्ही इन्सुलिन म्हणालात. एवढ्याशा चिलटाला इन्सुलिन असतं? आणि मी चहात साखरेऐवजी गोळी टाकतो. अशा बिनसाखरेच्या गोडाला चिलट फसेल का?


वसुधा, सातारा

अण्णा, असतं. आणि आपल्यासारखंच काम करतं. आपल्याकडे ते स्वादुपिंडात बनतं, चिलटात मेंदूच्या वरच्या भागातल्या जेमतेम १४ पेशी ते बनवतात. २००२ मध्ये रुलिफसन, किम आणि नुसे यांनी त्या पेशी मारून पाहिल्या. चिलटं खुरटी राहिली, वाढ लांबली आणि रक्तातली साखर चढली. चिलटाला मधुमेह झाला म्हणा ना.

त्याच्या उलट काम करणारं संप्रेरकही आहे, आपल्या ग्लुकागॉनच्या जागी. चिलट उपाशी राहिलं की ते साठवलेली चरबी बाहेर काढतं आणि चिलटाला स्वस्थ बसू देत नाही. भुकेलं चिलट रात्रभर बाटलीत फिरत राहतं, झोपतसुद्धा कमी. हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी काढून टाकल्या तर ते उपाशीपोटीही शांत बसतं आणि विशेष म्हणजे उपासात जास्त दिवस टिकतं. जंगलात मात्र शांत बसून अन्न सापडणार नाही.

चरबीही निरोप पाठवते. अकिला राजन आणि नॉर्बर्ट पेरिमन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की पोटभर खाल्लेल्या चिलटाची चरबी एक प्रथिन सोडते, ते मेंदूत पोचलं की इन्सुलिन सुटतं. आपल्या शरीरात असं काम लेप्टिन करतं. ज्या चिलटांत ते प्रथिन नव्हतं त्यांच्यात माणसाचं लेप्टिन घातलं, तर बिघाड भरून निघाला! चिलटाच्या आणि माणसाच्या वाटा वेगळ्या होऊन कोट्यवधी वर्षं झाली, तरी तो निरोप त्याला वाचता आला. हा लेख वाचला त्या दिवशी मी चहा प्यायला कँटीनमध्ये गेले आणि कप तसाच गार झाला.

तुमच्या गोळीचं उत्तर दोन भागांत आहे. अ‍ॅराबिनोज नावाची एक साखर चिलटाला गोड लागते पण तिच्यातून त्याला ताकद मिळत नाही. सॉर्बिटॉल उलट. आपल्याला ते गोड लागतं, चिलटाला बेचव, पण पोटात गेलं की त्याला कामी येतं. सुरुवातीला चिलट अ‍ॅराबिनोजला फसतं, कारण पाय फक्त चव सांगतात. पण उपाशी चिलटाला काही तास दिले की ते ताकद देणाऱ्या साखरेकडे वळतं. २०११ मध्ये मोनिका डस आणि ग्रेग सू यांनी तर गोडाची चवच न कळणारी चिलटं घेतली. उपाशी ठेवल्यावर तीही खऱ्या साखरेचीच निवड करायला लागली. मेंदूतल्या काही पेशी रक्तातली साखर थेट मोजतात, जिभेला न विचारता. जीभ तेवढ्यापुरती फसते, आतला हिशेब राहतो.

तुमचा चहा आणि गोळ्या मात्र तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरच ठेवा, अण्णा. चिलटावरून माणसाचा आहार ठरवत नाहीत.


मीनल, डोंबिवली

वसुधाताई, ओला कापूस घालून केला. उपाशी बाटलीत २१ पैकी १७ लाल, जेवलेल्या बाटलीत १९ पैकी २. म्हणजे भूकच होती. ओवी घरभर नाचतेय.

पण आता नवीनच. मी पावासाठी यीस्ट भिजवून ठेवलं होतं, त्यावर चिलटं तुटून पडली. शेजारी केळं होतं, तरी! ओवी म्हणते त्यातली बरीचशी मोठी, टोकदार पोटाची होती. साखर सोडून यीस्ट का?


वसुधा, सातारा

ओवीने मोठी आणि टोकदार पोटाची हे पाहिलं ते फार बरं केलं. त्या माद्या. नर लहान असतो, पोटाचं टोक गोल आणि काळं. अंड्यांसाठी प्रथिनं लागतात आणि चिलटांना ती यीस्टमधून मिळतात. खरं तर पिकलेल्या केळ्यावरही ती बऱ्याच अंशी यीस्टसाठीच येतात, त्या आंबूस वासाचा माग काढत.

याला मी वर्गात डोहाळे म्हणते. मीलनाच्या वेळी नराकडून मादीच्या अंगात एक छोटं प्रथिन जातं. त्याने ती अंडी घालायला लागते, दुसऱ्या नराला झिडकारते, आणि तिची खाण्याची आवड बदलते. यीस्टची ओढ वाढते, मिठाचीही. अंडी अजून घालायची असतात तेव्हाच ही ओढ सुरू होते, पुढची तजवीज म्हणून. लिस्बनचे कार्लोस रिबेरो यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. पोटात कुठले जिवाणू आहेत यावरही ही ओढ बदलते असं त्यांच्या गटाला २०१७ मध्ये दिसलं. आहारात आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतलं एक) कमी असलं तरी ठरावीक दोन जातींचे जिवाणू पोटात असतील तर मादीची यीस्टची हाव कमी राहते. भुकेत पोटातल्या जिवाणूंचाही शब्द चालतो, हे मला आजही नवल वाटतं.

ओवीला करायचं असेल तर असं करा. चिलटं तीन दिवस फक्त साखरपाण्यात भिजवलेल्या कापसावर ठेवा, म्हणजे ताकद मिळेल, प्रथिनं मिळणार नाहीत. मग एका झाकणात साखर आणि लाल रंग, दुसऱ्यात यीस्ट आणि निळा रंग. तासभर अंधारात ठेवा, म्हणजे रंग बघून निवड होणार नाही. नर आणि माद्या वेगळ्या मोजा.


मीनल, डोंबिवली

ताई, उशीर झाला, मध्ये सहामाही परीक्षेचे निकाल होते. काल रविवारी केलं. कपाटात बाटली ठेवून ओवी तासभर दाराशी बसून होती.

माद्या १३. त्यांतल्या ९ निळ्या, १ लाल. नर ८. त्यांतले ५ लाल, २ निळे, एकाचं पोट रिकामं. राहिलेल्या तीन माद्यांपाशी ती अडली. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, बघ. पोटं जांभळी होती. दोन्ही झाकणांतलं प्यायल्या होत्या.

तिने वहीत लाल आणि निळा असे दोनच रकाने आखले होते. पट्टी घेऊन तिसरा आखला, वर 'जांभळी' लिहिलं, आणि आता विचारतेय की त्यांनी आधी कुठलं प्यायलं असेल, ते कसं शोधायचं.